भोवऱ्याची साक्ष

मराठीत 'भोवरा' हा शब्द तीन वस्तूंना लावला जातो. जाळीने गुंडाळून जमिनीवर फिरवायचा तो लाकडी भोवरा, पुराच्या पाण्यात गरगरताना दिसतो तो भोवरा, आणि आपल्या डोक्यावर केस जेथे वळून बसतात तोही भोवराच. पहिला थोड्याच वेळात डुलू लागतो आणि पडतो. दुसरा पाण्याच्या अंतर्गत घर्षणामुळे विरून जातो. तिसरा मात्र कितीही विंचरले तरी पुसला जात नाही. या लेखात आम्ही ज्या भोवऱ्यांचा इतिहास सांगणार आहोत ते दिसायला नदीतल्या भोवऱ्यासारखे असले, तरी त्यांचा स्वभाव डोक्यावरच्या भोवऱ्याचा आहे. ते द्रव हेलियममध्ये सापडले, थंड केलेल्या धातूंत सापडले, अणूंच्या विरळ वायूत सापडले. आता त्यांचा शोध चालू आहे तो एका अगदी वेगळ्या प्रवाहात. हा प्रवाह इलेक्ट्रॉन आणि इलेक्ट्रॉनची रिकामी जागा यांच्या जोड्यांचा आहे.

या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. एखादा प्रवाह खरोखरच घर्षणरहित आहे, त्यातील असंख्य कण एकदिलाने चालत आहेत, हे सिद्ध झाले असे केव्हा म्हणायचे? गेल्या पाऊणशे वर्षांत या प्रश्नाला मिळालेली सर्वांत विश्वासार्ह साक्ष भोवऱ्याची आहे.

बारा मुले आणि बारा तबकड्या

प्रथम या भोवऱ्याचे मर्म समजावून घेऊ. त्यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करता येतो. बारा मुलांना गोल उभे करा. प्रत्येकाच्या हातात एकच काटा असलेली पुठ्ठ्याची घड्याळाची तबकडी द्या. नियम एवढाच की, प्रत्येकाच्या काट्यात आणि त्याच्या उजवीकडच्या मुलाच्या काट्यात सारखाच फरक हवा, आणि हा नियम पूर्ण वर्तुळात पाळला गेला पाहिजे.

सगळ्यांनी बारा वाजलेले दाखवले, तर नियम पाळला जातो. प्रत्येकाने शेजाऱ्यापेक्षा एक तास पुढचा काटा ठेवला तरी जमते, कारण बारा मुलांनंतर आपण पुन्हा बारावरच येतो. दोन-दोन तासांचा फरकही चालतो. मग एका फेरीत काटा दोनदा फिरतो. पण दीड-दीड तासाचा फरक ठेवून पाहा. फेरी पूर्ण होते तेव्हा अठरा तास झालेले असतात. शेवटच्या मुलाच्या हिशेबाने पहिल्याने सहा दाखवायला हवेत, पण तो तर बारा दाखवत असतो. म्हणजे काटा पूर्ण फेरीत शून्य वेळा, एकदा, दोनदा असा पूर्णांकानेच फिरू शकतो. दीड वेळा फिरू शकत नाही.

आता त्याच मुलांना मध्यभागी सरकायला सांगा. वर्तुळ जितके लहान, तितका काट्यांतील फरक थोड्या अंतरात मावायला हवा. अगदी मधोमध उभ्या राहणाऱ्या मुलाने कोणता तास दाखवावा? त्याला एकाच वेळी सगळे तास दाखवावे लागतील, आणि ते अशक्य आहे. तेव्हा मधल्या जागेवर तबकडीच नको. हा झाला भोवऱ्याचा गाभा.

पुंजयामिकीनुसार प्रत्येक कणाला तरंगाचे अंगही असते, आणि तरंगाला 'कला' असते. कला म्हणजे आपल्या तबकडीवरील काटा. सामान्य पाण्यात प्रत्येक रेणूचा काटा आपल्याच तालात फिरतो, म्हणून एकूण काही अर्थ निघत नाही. मात्र काही कण अतिशय थंड केले असता एकाच अवस्थेत गोळा होतात. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली ढाक्याहून आइन्स्टाइन यांना पाठवलेल्या निबंधातून ज्या संख्याशास्त्राचा उगम झाला, ते याच वर्गातील कणांना लागू पडते, आणि त्यांना आपण बोसॉन म्हणतो. असे कण एका अवस्थेत आले की सर्वांचा मिळून जणू एकच तरंग होतो. मग शेजारच्या काट्यांतील फरक म्हणजे प्रवाहाचा वेग. काटा पूर्णांकानेच फिरू शकत असल्यामुळे या प्रवाहाचे गोल फिरणेही ठरावीक मापानेच होते. वर्तुळाची लांबी आणि त्यावरील वेग यांचा गुणाकार म्हणजे अभिसरण, आणि ते प्लांकच्या स्थिरांकाला कणाच्या वस्तुमानाने भागून येणाऱ्या संख्येच्या पटीतच असू शकते. सुटे दूध आपण हवे तेवढे मागू शकतो, पण पिशवीतले दूध एक पिशवी, दोन पिशव्या असेच घ्यावे लागते. तसेच हे आहे.

फिरत्या भांड्यातील कोडे

हेलियम वायूचा प्रथम द्रव केला तो हाइके कामरलिंग ओनेस यांनी, नेदरलँड्समधील लायडन येथे, १० जुलै १९०८ रोजी. हा द्रव ४.२ केल्विनला उकळतो. पण तो २.१७ केल्विनच्या खाली नेला की काहीतरी विलक्षण घडते, हे लक्षात यायला तीस वर्षे जावी लागली. १९३८ साली मॉस्कोत प्योत्र कपित्सा आणि केंब्रिजमध्ये जॉन अ‍ॅलन व डॉन मिसेनर यांनी दाखवले की, या तापमानाखाली हेलियम अत्यंत बारीक फटींतूनही जवळजवळ विनाघर्षण वाहतो. याला अतिप्रवाहिता असे म्हणतात. त्याच वर्षी फ्रिट्झ लंडन यांनी तिचा संबंध बोस-आइन्स्टाइन यांच्या संघननाशी जोडला.

१९४१ साली लेव्ह लांडाऊ यांनी या द्रवाचा सिद्धांत मांडला. त्यांच्या मते द्रवात दोन घटक एकमेकांत मिसळलेले असतात. एक सामान्य, घर्षण असलेला, दुसरा अतिप्रवाही. अतिप्रवाही घटकाला आपल्या जागी गरगर फिरता येत नाही, असे या सिद्धांतातून निघत होते. याचा एक सरळ पडताळा होता. पाण्याचा पेला फिरवला की पृष्ठभाग मध्ये खोलगट होतो. हेलियमचे भांडे फिरवले तर फक्त सामान्य घटक फिरेल आणि खोलगा उथळ राहील. १९५० साली केंब्रिजच्या ऑसबोर्न यांनी हे करून पाहिले. खोलगा पाण्याइतकाच खोल निघाला! जो द्रव फिरू शकत नाही म्हणून सांगितले होते, तो सगळाच्या सगळा फिरत असल्यासारखा दिसत होता.

या कोड्याचे उत्तर खरे तर त्याआधीच उच्चारले गेले होते. १९४९ साली इटलीत फ्लॉरेन्स येथे भरलेल्या परिषदेत एका निबंधावरील चर्चेच्या ओघात लार्स ऑनसागर यांनी थोडक्यात टिपणी केली की, अतिप्रवाही हेलियममधील अभिसरण ठरावीक एककांतच असले पाहिजे. रिचर्ड फाइनमन यांनी स्वतंत्रपणे तेथवर पोहोचून १९५५ साली संपूर्ण चित्र रेखाटले. द्रव एकसंध फिरत नाही, तर त्यात उभ्या, सुतासारख्या बारीक भोवऱ्यांचे रान उगवते. प्रत्येक भोवरा एका एककाचा, आणि त्याचा गाभा साधारण एका अणूएवढा. सगळ्या भोवऱ्यांचे प्रवाह मिळून लांबून पाहणाऱ्याला एकसंध फिरण्याचा भास होतो. भांडे सुमारे सहा सेकंदांत एक फेरी घेत असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन हजार भोवरे हवेत, असा हिशेब येतो.

हिशेब सुंदर होता, पण पुरावा हवा होता. केंब्रिजमधील हेन्री हॉल आणि जो व्हिनेन यांनी १९५६ साली फिरत्या हेलियममधील विशिष्ट उष्णतातरंग जास्त लवकर क्षीण होतात असे दाखवले. भोवऱ्यांच्या अस्तित्वाची ती अप्रत्यक्ष खूण होती. पुढे व्हिनेन यांनी हेलियमच्या मध्यातून एक बारीक तार ताणून तिला कंप दिला. तारेभोवती प्रवाह फिरत असेल तर कंपाची पातळी हळूहळू वळते, आणि वळण्याच्या वेगावरून अभिसरण मोजता येते. १९६१ साली सविस्तर प्रसिद्ध झालेल्या या मोजमापांत उत्तर वारंवार एका एककाशी येऊन थांबत होते. १९७९ साली तर अमेरिकेत बर्कली येथे यार्मचुक, गॉर्डन व पॅकार्ड यांनी भोवऱ्यांच्या मांडणीची छायाचित्रेच घेतली. भोवऱ्यांच्या गाभ्यात इलेक्ट्रॉन अडकवून ते प्रकाशणाऱ्या पडद्याकडे ओढायचे, म्हणजे प्रत्येक भोवऱ्याचा एक ठिपका उमटतो, अशी त्यांची युक्ती होती.

'दोन' हा आकडा

हेलियमच्या जोडीने दुसरी कथा धातूंत चालू होती. १९११ साली ओनेस यांच्याच प्रयोगशाळेत पाऱ्याचा विद्युतरोध ४.२ केल्विनच्या आसपास एकदम नाहीसा झाल्याचे आढळले. ही अतिसंवाहकता. येथे वाहतात ते विद्युतभारित इलेक्ट्रॉन, त्यामुळे भांडे फिरवण्याची गरजच नाही. फिरवण्याचे काम चुंबक करतो. अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांना १९५३ साली हिशेबात दिसून आले की, काही अतिसंवाहकांत चुंबकीय क्षेत्र बारीक नळ्यांच्या रूपाने शिरते, आणि प्रत्येक नळीभोवती विद्युतप्रवाहाचा भोवरा असतो. त्यांचे गुरू लांडाऊ यांना हे पटले नाही. फाइनमन यांचे हेलियमवरील काम पुढे आल्यानंतरच हा निबंध १९५७ साली प्रसिद्ध झाला, असे स्वतः अब्रिकोसोव्ह यांनी पुढे सांगितले आहे. २००३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९६७ साली स्टुटगार्ट येथे एसमान व ट्रॉयब्ले यांनी लोहाचे सूक्ष्म कण अतिसंवाहकावर बसू दिले आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या भोवऱ्यांची त्रिकोणी जाळी सर्वांना दाखवली.

येथे भोवऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली. एका नळीत मावणारे चुंबकीय क्षेत्र किती, याचे एकक लंडन यांनी प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा भार, असे वर्तवले होते. १९६१ साली अमेरिकेत डीव्हर व फेअरबँक यांनी आणि जर्मनीत डॉल व नेबाउअर यांनी पोकळ अतिसंवाहक नळ्यांवर ते मोजले, तेव्हा ते नेमके निम्मे भरले. म्हणजे भागाकारात इलेक्ट्रॉनचा भार दोनदा घ्यायला हवा. प्रवाह सुट्या इलेक्ट्रॉनांचा नसून इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांचा आहे, हे बार्डीन, कूपर व श्रीफर यांच्या १९५७ मधील सिद्धांताचे सार त्या एका 'दोन'ने उघड करून दाखवले. भोवरा नुसता 'प्रवाह घर्षणरहित आहे' एवढेच सांगत नाही. 'वाहणारे कोण आहेत' हेही सांगतो.

त्यानंतर हा रिवाजच पडला. १९९५ साली अणूंच्या विरळ वायूचे संघनन अमेरिकेत प्रथम साधले. १९९९ साली बोल्डर येथे त्यात पहिला भोवरा निर्माण केला गेला, २००० साली पॅरिस येथे लेझरच्या किरणाने ढवळून भोवरे उठवले गेले, आणि २००१ साली मॅसॅच्युसेट्स येथे शंभराहून अधिक भोवऱ्यांची जाळी दिसली. पुढे लिथियमच्या अणूंच्या जोड्या बनवण्यात आल्या. त्या एकाच अवस्थेत गोळा होतात हे आधी दिसले होते, तरी त्यांची अतिप्रवाहिता निर्विवाद मानली गेली ती २००५ साली मॅसॅच्युसेट्समध्येच त्यात भोवऱ्यांची जाळी दिसल्यावर.

पंगतीतील रिकामा पाट

आता आपल्या मूळ विषयाकडे येऊ. अर्धसंवाहकातील इलेक्ट्रॉनांना पंगतीत बसलेले लोक समजा. एक जण उठून गेला, की एक पाट रिकामा होतो. शेजारचा त्यावर सरकला, की त्याचा पाट रिकामा होतो. माणसे एकेक जागा डावीकडे सरकतात, आणि रिकामा पाट मात्र उजवीकडे चालल्यासारखा दिसतो. इलेक्ट्रॉनच्या अशा रिकाम्या जागेला इंग्रजी पुस्तकांत होल म्हणतात; आपण पोकळी म्हणू. ऋणभारित इलेक्ट्रॉनचा हा अभाव धनभारित कणासारखा वागतो. साहजिकच उठून गेलेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेली पोकळी एकमेकांना ओढतात आणि हायड्रोजनच्या अणूसारखी जोडी बनवतात. अशा जोडीची कल्पना याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९३१ साली आणि तिचे दुसरे रूप ग्रेगरी वानिए यांनी १९३७ साली मांडले. तिला एक्सायटॉन हे नाव आहे.

इलेक्ट्रॉन आणि पोकळी हे दोघेही एकेकटे बोसॉन नाहीत, पण त्यांची जोडी बोसॉनसारखी वागते. शिवाय ती फार हलकी असते. हेलियमचा अणू इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७,३०० पट जड असतो, तर अनेक अर्धसंवाहकांत या जोडीचे परिणामी वस्तुमान एका इलेक्ट्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरते. हलक्या कणांचे संघनन जास्त तापमानाला व्हायला हवे. म्हणूनच १९६२ साली मोस्कालेंको यांनी, आणि स्वतंत्रपणे ब्लाट व सहकाऱ्यांनी, एक्सायटॉनच्या संघननाची शक्यता मांडली तेव्हा ती अनेकांना आकर्षक वाटली.

पण दोन अडचणी होत्या. पहिली आयुष्याची. उठलेला माणूस परत आपल्या पाटावर येऊन बसतो, तसा इलेक्ट्रॉन पोकळीत पडतो, प्रकाश बाहेर टाकतो आणि जोडी संपते. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती, आणि ती १९७२ साली गुसेइनोव्ह व केल्डिश यांनी दाखवली. इलेक्ट्रॉन व पोकळी एकाच पदार्थात असतील तर जोड्या सतत निर्माण होऊ आणि नष्ट होऊ शकतात. परिणामी सर्व काट्यांवर एक ठरावीक वेळ दाखवण्याची सक्ती येते. आपल्या बारा मुलांना शिक्षकांनी दटावले की 'सगळ्यांनी बाराच दाखवा', तर काटे वळणार कसे आणि प्रवाह येणार कोठून?

यावरचा तोडगा १९७५ साली युरी लोझोव्हिक व युडसन यांनी आणि १९७६ साली खारकीव्हमधील शेवचेंको यांनी सुचवला. इलेक्ट्रॉन एका पातळ थरात ठेवा, पोकळ्या दुसऱ्या थरात, आणि मध्ये विद्युतरोधक पडदा घाला. पडदा काही नॅनोमीटरचाच असला की दोघे एकमेकांना ओढून जोडी करतात, पण एकमेकांत पडून नष्ट होणे त्यांना अवघड जाते. जोड्या उजवीकडे वाहू लागल्या की इलेक्ट्रॉन व पोकळी दोघेही उजवीकडे जातात, पण त्यांचे भार विरुद्ध असल्यामुळे दोन थरांतील विद्युतप्रवाह परस्परविरुद्ध दिशांना वाहतात. अशा विरुद्ध प्रवाहांना कोणताही रोध झाला नाही, तर ती या जोड्यांची अतिप्रवाहिता ठरेल.

फिरवायचे कसे?

मग येथे भोवरा कसा उठवायचा? हेलियमप्रमाणे फिरवून पाहावे तर एक हिशेब आड येतो. जोडी हलकी असल्यामुळे अभिसरणाचे एकक फार मोठे होते. एक दशांश मिलिमीटर बाजूचा चौकोनी तुकडा आणि इलेक्ट्रॉनच्या निम्म्या वस्तुमानाची जोडी घेतली, तर त्यात एकच भोवरा बसवण्यासाठी सुद्धा तो तुकडा सेकंदाला दहा हजारांहून अधिक वेळा फिरवावा लागेल. अतिशीत यंत्रणेत, तारा जोडलेल्या स्थितीत, हे व्यवहार्य नाही.

चुंबकाचा उपयोग करावा तर जोडी उदासीन. चुंबक इलेक्ट्रॉनचा काटा जितका एका बाजूला वळवतो, तितकाच पोकळीचा काटा उलट बाजूला वळवतो. मात्र दोन थरांमधील अंतर शून्य नाही, आणि नेमकी तेथे एक फट सापडते. खालच्या थरातील वर्तुळातून जाणाऱ्या काही चुंबकीय रेषा वरच्या थराला पोहोचण्यापूर्वी दोन थरांच्या मधून बाहेर निसटल्या, तर दोघांचे हिशेब सारखे राहणार नाहीत. म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारखे मध्यापासून बाहेर जाणारे चुंबकीय क्षेत्र हवे. दोन थरांतील फरक प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा भार, एवढा झाला की एक भोवरा. येथे भागाकारात 'दोन' नाही, कारण जोडीतील प्रत्येक थरात एकच भार आहे. जोडी दोघांचीच, पण अतिसंवाहकातील जोडीपेक्षा निराळी, हे पुन्हा भोवराच सांगणार. अशा वलयाकार तुकड्यात हे एकक मोजता येईल, असा हिशेब नेदरलँड्समधील रादेमाकर, झानन व हिल्गेनकाम्प यांनी २०११ साली मांडला.

साक्षीदार आणि वैरी

भोवऱ्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अगदी पातळ थरात उष्णतेमुळे भोवरे आपोआप निर्माण होतात. थंड असताना उजवा आणि डावा भोवरा एकमेकांना धरून राहतात, आणि त्यांचे दूरवरचे परिणाम एकमेकांना पुसून टाकतात. ठरावीक तापमानाच्या वर या जोड्या सुटतात. बेरेझिन्स्की यांनी १९७१ साली आणि कॉस्टरलिट्झ व थाउलेस यांनी १९७३ साली हे मांडले. बिशप व रेप्पी यांनी १९७८ साली हेलियमच्या पातळ पापुद्र्यात त्याचा पडताळा घेतला. कॉस्टरलिट्झ व थाउलेस हे २०१६ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी आहेत. सुटा भोवरा प्रवाहाला आडवा सरकत जाऊन एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेला, की वाटेतील काट्यांचा एक पूर्ण फेरा गळतो, आणि प्रवाहाची तेवढी ऊर्जा वाया जाते. असे अनेक भोवरे सरकू लागले की रोध निर्माण होतो. म्हणजे जो अतिप्रवाहितेचा साक्षीदार, तोच मोकाट सुटला की तिचा वैरी.

याचा प्रत्यय इलेक्ट्रॉन-पोकळीच्या थरांत आला. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात दोन थर असे ठेवता येतात की प्रत्येकात इलेक्ट्रॉनांसाठी असलेल्या निम्म्याच जागा भरलेल्या असतात. मग एका थरातील इलेक्ट्रॉन दुसऱ्या थरातील रिकाम्या जागेशी जोडी करतो. २००० साली कॅलिफोर्नियातील स्पीलमन, आइझेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी या दोन थरांमधील विद्युतप्रवाह एकाएकी प्रचंड वाढल्याचे पाहिले. सर्व जोड्या एका तालात आल्याची ती खूण होती. २००४ साली त्याच प्रयोगशाळेत, आणि स्वतंत्रपणे प्रिन्स्टनमध्ये, दोन थरांतून विरुद्ध प्रवाह सोडण्यात आले. चुंबकीय क्षेत्रामुळे एरवी आडवा निर्माण होणारा विद्युतदाब जवळजवळ नाहीसा झाला. उदासीन जोड्याच वाहत असल्या पाहिजेत, असा त्याचा अर्थ होता. पण प्रवाहाच्या दिशेतील रोध लहान असला तरी शून्य झाला नाही. पदार्थातील अशुद्धींमुळे सुटे राहिलेले भोवरे सरकत असावेत, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. या प्रणालीतील भोवऱ्यांवर इलेक्ट्रॉनच्या निम्मा विद्युतभार असतो, हे १९९५ साली सिद्धांताने दाखवले होते. उदासीन प्रवाहाचा भोवरा मात्र भारित, ही गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे.

२०१७ साली हार्वर्ड आणि कोलंबिया येथे ग्राफीनच्या थरांतही अशा जोड्यांचा प्रवाह सापडला. २०१९ साली अणूएवढ्या पातळ अर्धसंवाहकांच्या दोन थरांत, चुंबकीय क्षेत्राशिवाय, सुमारे १०० केल्विनपर्यंत संघननाच्या खुणा आढळल्याचे प्रसिद्ध झाले. हेलियमच्या २.१७ केल्विनशी ही संख्या ताडून पाहावी, म्हणजे या शोधाचे मोल कळते.

हुबेहूब दिसणारा तोतया

भोवरा प्रत्यक्ष पाहण्याचा एक मार्ग प्रकाशाचा आहे. जोडी संपताना प्रकाश देते, आणि त्या प्रकाशात जोडीची कला उमटलेली असते. हा प्रकाश दुसऱ्या प्रकाशाशी मिसळला की काळ्या-पांढऱ्या समांतर पट्ट्या दिसतात. भोवरा असेल तेथे एका पट्टीला बेचकीप्रमाणे दोन फाटे फुटतात. दोन आरशांमध्ये एक्सायटॉन कोंडून त्यांचा प्रकाशाशी संकर केला, की पोलॅरिटॉन नावाचे कण मिळतात. त्यांचे संघनन २००६ साली प्रसिद्ध झाले, आणि २००८ साली लोझान येथील लागूदाकिस व सहकाऱ्यांनी त्यात अशी बेचकी दाखवून एका एककाचा भोवरा सिद्ध केला. पण पोलॅरिटॉन अर्धे प्रकाशाचेच असतात. ते सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कमी काळ टिकतात, आणि त्यांना सतत बाहेरून भर घालावी लागते. वेगळ्या थरांतील दीर्घायुषी जोड्यांचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

त्या जोड्यांतही बेचक्या दिसल्या. २०१२ साली सॅन डिएगो येथील ब्युटोव्ह यांच्या गटाने थंड एक्सायटॉनच्या वायूतील पट्ट्यांमध्ये त्या नोंदवल्या. येथे कोणीही 'भोवरा सापडला' असे म्हणून मोकळे झाले असते. पण त्याच गटाने पुढे प्रश्न विचारला की, खरा भोवरा असता तर ही बेचकी नेमकी कशी दिसली असती? २०२१ साली त्यांनी उत्तर प्रसिद्ध केले. दिसलेल्या बेचक्या भोवऱ्यांच्या नाहीत. मच्छरदाणीच्या दोन घड्या एकमेकींवर पडल्या की मोठमोठ्या नागमोडी आकृत्या दिसतात ना, तसा अनेक पट्ट्या एकमेकींवर पडल्याचा तो परिणाम होता. त्यातूनही मोलाची गोष्ट हाती लागली, कारण अशा आकृत्या उमटण्यासाठी जोड्यांचे तरंग लांबवर सुसंगत राहावे लागतात. पण भोवऱ्याची साक्ष ती नव्हे, हे त्यांनीच स्पष्ट केले.

हेलियमच्या १९७९ च्या छायाचित्रासारखे निर्विवाद चित्र वेगळ्या थरांतील इलेक्ट्रॉन-पोकळी जोड्यांत अद्याप मिळालेले नाही. विरुद्ध प्रवाहांचे पुरावे आहेत, सुसंगतीचे पुरावे आहेत, रोधात भोवऱ्यांच्या पाऊलखुणा आहेत. पण मोजून 'एक' असे सांगणारा भोवरा हवा आहे.

शिक्षकांनी हा इतिहास वर्गात सांगताना एका गोष्टीवर भर द्यावा, असे आम्हांस वाटते. लांडाऊ यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचा अंदाज फिरत्या भांड्यापुढे टिकला नाही, लंडन यांचे एकक मोजमापात निम्मे निघाले, आणि सॅन डिएगोच्या गटाने स्वतःच्याच आकर्षक चित्राची उलटतपासणी केली. तिन्ही ठिकाणी निवाडा एका लहान पूर्णांकाने केला. बारा मुलांच्या वर्तुळात दीड-दीड तासाचा फरक का चालत नाही, हे ज्या विद्यार्थ्याला स्वतः करून कळले, त्याला हा निवाडा कोठून येतो हेही कळलेले असेल. प्रयोग संपल्यावर एवढेच विचारावे: तेरा मुले असती आणि तबकडी तीच बारा तासांची असती, तर शेजाऱ्यांतील फरक किती ठेवावा लागला असता?